मिसर देशाची खबर

नियाजभाईंचं शिक्षण चौथीपर्यंत झालं. त्या चौथीतही ते पुरे बसले होते की नाही, याबद्दल मतभेद आहेत. तरीसुद्धा चंद्र, अणू, माणसाचं काळीज आणि मोहेंजोदडो या विषयांवर जत तालुक्यात जेवढं त्यांचं ऐकलं गेलं, तेवढं दुसऱ्या कुणाचंच नाही. मास्तरांचं तर नाहीच.

ते सांगलीतल्या एका सरकारी कचेरीच्या सिनेमाच्या गाडीवर ऑपरेटर. निळी गाडी, मागं जनरेटर, टपावर भोंगा, आत प्रोजेक्टर आणि चपट्या डब्यांतली रिळं. गाडी गावोगाव फिरून माहितीपट दाखवायची. खतं, बियाणं आणि दोन मुलं हे ठरलेलंच. पण तेवढ्यासाठी कोण बसणार? म्हणून शेवटी कुठनं कुठनं आलेली परदेशी रिळं लावायची: माणूस चांदावर कसा गेला, पिरॅमिड कसे बांधले असतील. ती सगळी इंग्रजीत. आमचं गाव कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. तिथं मराठी चालते, कानडी चालते, इंग्रजी मात्र वेशीबाहेरच थांबते. ज्याला ती येते अशी गावाची समजूत होती, त्याला मॅट्रिकला त्याच विषयानं घरी बसवलेलं.

तेव्हा नियाजभाई रिळाचा आवाज बारीक करायचे, माइक हातात घ्यायचे आणि आपणच सांगायचे.

आवाज घराण्यातून आलेला. त्यांचे वडील रहिमान हे मिरजेचे कल्हईवाले. भाता, कथील आणि नवसागर सायकलला बांधून पार आमच्यापर्यंत यायचे आणि वेशीतच अशी आरोळी ठोकायचे की मळ्यातली बाई पातेलं घेऊन निघायची. पण बायका त्यांची वाट बघायच्या ती नुसत्या कल्हईसाठी नव्हे. गावोगाव फिरणाऱ्याकडे गावोगावची खबर असते. भांडं पुढं ठेवताना विचारायचं, "उमदीला गेल्तासा का? आमची साळू दिसली का?" आणि रहिमानचाचांनी कापसाचा बोळा फिरवत सांगायचं, "दिसली की. पान्याला चाललीती. बरी हाय." ती कधी दिसलेली असायची, कधी नसायची. पण खबर न देता उठायचं नाही, हा रिवाज. काळं पातेलं तसंच परत देणं आणि खबर न देणं, दोन्ही सारखंच लाजिरवाणं.

पुढं घरोघर स्टील आलं आणि भाता थंडावला. पोरगा तंबूतल्या सिनेमात मशीनवर लागला, तिथून सरकारी गाडीवर आला. गावं तीच, वाट तीच. भात्याच्या जागी जनरेटर, एवढाच फरक.

गंमत म्हणजे घरी हा माणूस बोलत नाही. एकदा मिरजेच्या उरसाला गेलो असता त्यांच्या घरी चहा झाला. सलिमाभाभी म्हणाल्या, "आवं, मीठ पायजे आसलं तर ताटाकडं बोट दावत्यात. लगीन झाल्यावर म्हैनाभर मला वाटलं, मुका गळ्यात मारला. मग एक दिवस गाडी गल्लीत आली, भोंग्यातनं ह्येंचा आवाज आला, तवा जीव भांड्यात पडला." नियाजभाई शेजारीच बसले होते. त्यांनी बशीकडं बोट दाखवलं. भाभींनी आणखी चहा ओतला.

बाहेर मात्र ते बोलायचे आणि लोकही त्यांच्याशी बोलायचे. आमच्याकडं कुणी काही सांगत असला की ऐकणाऱ्यानं मधूनमधून "व्हय" म्हणायचं असतं. हद्दीपलीकडचे पाहुणे आले असतील तर ते "हौदु" म्हणतात. तसं म्हटलं नाही तर सांगणाऱ्याला वाटतं, समोरचे झोपले. सांगणाऱ्यानंही त्या व्हयला जागा सोडायची. नियाजभाई ती बरोबर सोडायचे.

"तर मंडळी, ह्यो मानूस चांदावर उतरला."

"व्हय."

"आन उड्या मारत चाललाय. का? तर तितं वजन कमी भरतंय. हितं साठ किलोचा मानूस तितं दहा किलोचा."

यावर नानासो उठले. नानासो म्हणजे आमच्याकडचे बकऱ्यांचे मोठे व्यापारी. जन्म तराजूपाशी गेलेला. "थांबा थांबा. म्हंजी तितं बकरं ईकलं तर तोट्यातच की!"

"म्हनून तर परत आले त्ये," नियाजभाई म्हणाले.

अमेरिका चंद्रावरून का परतली याचं एवढं समाधानकारक उत्तर मी नंतर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

पण खरं रीळ पिरॅमिडचं. नियाजभाई इजिप्तला मिसर म्हणायचे. बिरोबाच्या देवळापुढच्या माळावर दोन खांबांना पांढरा पडदा बांधलेला. पुढं गडीमाणसं, पडद्याच्या मागं बायका. चित्र दोन्हीकडून दिसतं आणि अक्षरं उलटी दिसली तरी कुणाचं अडत नाही. त्या रिळात जुन्या भिंतीवरचं एक चित्र यायचं. माणसांची लांब ओळ, सगळ्यांच्या खांद्यावर एकच दोर, मागं डोंगराएवढा दगड. दगडापुढं एक जण उभा राहून वाळूवर घागरीनं पाणी ओततोय.

रीळ पहिल्यांदा लागलं ते दुष्काळानंतरच्या साली. टँकरपुढं रांगा लावून लावून बायकांचे हात दुखायचे राहिले नव्हते. पाणी वाळूवर पडताना दिसलं मात्र, पडद्यामागून ओरडा झाला, "आरं पानी सांडतोय मेला!" चांदावर माणूस गेला तेव्हाही एवढा ओरडा झाला नव्हता.

नियाजभाईंनी सावरून घेतलं. "सांडंना का. सरकारी टँकरचं हाय." लोक शांत झाले. मग त्यांनी काठी घेतली आणि ओळीतल्या एकावर टेकवली. ओळीत सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. चित्रकारानं या एकाचा खांदा जरा वाकडा काढला होता. पुढून तिसरा. "ह्यो गडी बघा. लांबनं आलाय कामाला. आपल्याच हिकडचा वाटतोय का न्हाई?"

तेवढ्यात पडद्यामागून चंद्राबाई म्हणाल्या, "ह्यो तर आमच्या सिद्धूगत उभा ऱ्हातोय."

या चंद्राबाईंना सगळा गाव चंद्राव्वा म्हणतो. सिद्धू त्यांचा एकुलता एक. दुष्काळात चारा संपला तेव्हा मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला गेला. तिथं मेंढरं विकून पुढं कुठल्याशा कामावर गेला असं कळलं, आणि त्यानंतर काहीच कळलं नाही. पत्र नाही, निरोप नाही.

नियाजभाईंनी काठी त्या गड्यावरच ठेवली. मग कल्हईवाल्याचा पोरगा बोलला, "व्हय चंद्राव्वा. सिद्धूच त्यो. बरा हाय."

रीळ संपल्यावर नियाजभाईंनी चंद्राव्वांना गाडीपाशी गाठून विचारलं, राग नाही ना आला. चंद्राव्वा म्हणाल्या, "मला काय कळत न्हाई व्हय रं, भिंतीवरचं चित्तर हाय ते? पन इच्यारायला काय जातंय."

तेव्हापासून गाडी आली की पिरॅमिडचं रीळ लावायचं आणि सिद्धूची खबर घ्यायची, हे ठरून गेलं. कधी त्याच्या पायात काटा मोडलेला असायचा, कधी मुकादमानं त्याला सुट्टी दिलेली असायची. ऊसतोडीला जाऊन आलेले लोक मुकादमाचं नाव काढलं की मन लावून ऐकायचे. दुसऱ्या गावांतही तोच तिसरा माणूस वेगवेगळ्या नावांनी दोर ओढत होता. शिराळ्याकडं तो नाथाजी होता, आणखी कुठं गुंडा.

याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. पिरॅमिड कोणी बांधले, या प्रश्नाला एका शाळेतल्या पोरांनी "सिद्धू व इतर" असं लिहिलं, दुसरीकडच्या पोरांनी "नाथाजी". एकाच पिरॅमिडचे दोन कंत्राटदार निघाल्यावर शिक्षणखातं हललं. तक्रार वर गेली. त्याच सुमारास कचेरीत साताऱ्याहून बदलून गोसावी साहेब आले.

गोसावी साहेबांना वाईट म्हणता येणार नाही. नोकरीआधी ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि पोटतिडकीनं शिकवायचे. त्यांनी नियाजभाईंना बोलावून एवढंच सांगितलं, "हे विज्ञान आहे, नियाज. कीर्तन नाही. खेड्यातल्या माणसाला खरं तेच कळलं पाहिजे. त्याचा तो हक्क आहे." यात खोटं काय आहे? काहीच नाही. त्यांनी खटपट करून पिरॅमिडच्या रिळाची मराठी आवाज भरलेली प्रत मिळवली आणि ती नीट चालते का ते एखाद्या गावात स्वतः बघायचं ठरवलं. गाव निवडलं आमचं. सिद्धू आमचाच ना.

त्या दिवशी गाडी दिवसाउजेडी आली. साहेब चावडीत चहा घेत होते. नियाजभाई पडदा बांधत होते. नानासोंनी खांब धरला आणि विचारलं, "काय गड्या, आज त्वांड का उतरलंय?"

"आज रीळच बोलनार हाय. मराठीत. साहेब बघाय आल्यात. नीट पार पडलं की मायक कचेरीत जमा."

"आन तू?"

"मी बटन दाबनार."

"एवढंच?"

"एवढंच. बटन काय, कुनीबी दाबंल." नियाजभाईंनी गाठ आवळली. "वीस वर्सं झाली लोकांसंगं बोलतोय. आता घरातबी गप आन भाईरबी गप."

नानासोंना खरंच वाईट वाटलं. त्यांना वाईट वाटलं की ते उपाय सुचवतात. "मग आसं करू. पडद्याला दगूड हानतो. फाटला की खेळ खलास."

"नगं. पडदाबी माझ्याच नावावर हाय."

दिवेलागण झाली, माणसं जमली. खतांचं झालं, बियाण्यांचं झालं. मग पिरॅमिडचं रीळ चढलं आणि भोंग्यातून परका माणूस बोलायला लागला. मराठी इतकं शुद्ध, की धुऊन वाळत घातल्यासारखं. "प्राचीन इजिप्तमधील या भव्य वास्तूंचे गूढ आजही पूर्णतः उकललेले नाही." लोकांनी सवयीनं "व्हय" म्हटलं, पण तोवर तो पुढच्या वाक्यात शिरलेला. लोकांनी मग घाईनं म्हटलं, तर ते त्याच्या बोलण्याच्या मधेच पडलं. दोघांचा मेळच बसेना. माणूस श्वास घ्यायला थांबेल म्हणून लोक टपून बसले, पण तो श्वासही घेत नव्हता. कुणाकडं न बघता, कुणाला न विचारता, आपला बोलतोय.

"कोन हाय ह्यो?" नानासो कुजबुजले. त्यांची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत जाते. "घाईची लागलीया का काय ह्येला?"

साहेबांनी वळून बघितलं. नियाजभाई प्रोजेक्टरपाशी हात मागं बांधून उभे होते.

भिंतीवरचं चित्र आलं. दोर आला, ओळ आली, घागर आली. रिळातल्या माणसानं ओल्या वाळूवर घर्षण कसं कमी होतं ते सांगितलं आणि चित्र सरकलं. तिसरा माणूस आला तसा गेला. त्याच्याबद्दल अक्षर नाही.

पडद्यामागून चंद्राव्वा उठल्या आणि सरळ उजेडात आल्या. त्यांची सावली पिरॅमिडएवढी होऊन पडद्यावर पडली. "आवं थांबवा! खबर ऱ्हायली!"

नियाजभाईंनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी मान हलवली. मशीन थांबलं आणि खांबावरचा दिवा लागला.

"काय राहिलं, आजी?"

"माज्या पोराची खबर."

साहेबांना काही कळेना. नानासो मदतीला धावले. "त्यो तिसरा हाय न्हवं, दोर वढनारा? त्यो ह्येंचा सिद्धू. दुष्काळात गेल्ता. नियाजभाई दर टायमाला सांगत्यात, कसा हाय, काय हाय."

साहेबांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी लोकांकडं बघितलं. कुणी हसत नव्हतं. त्यांच्यातला जुना मास्तर जागा झाला. पडलेली काठी उचलून ते पडद्यापाशी गेले आणि नीट सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी माइक घेतला. समोर नुसता पांढरा पडदा. ओळ जिथं होती त्या अंदाजानं त्यांनी काठी टेकवली आणि अगदी हळू, समजावून बोलले, "आजी, हे चित्र चार हजार वर्षांपूर्वीचं आहे. हा माणूस केव्हाच मेलेला आहे."

भोंग्यातून ते वेशीपर्यंत गेलं.

चार हजार वर्षं कुणी ऐकली नाहीत. शेवटचं तेवढं ऐकलं. चंद्राव्वांना चित्र कळत नव्हतं असं नाही, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. पण ज्या पोराचा पत्ता नाही, त्याच्याबद्दल तो एक शब्द गावात इतके दिवस कुणी तोंडातून काढला नव्हता. टँकरपुढं घागरीवरून त्यांच्याशी कचाकचा भांडणाऱ्या मनुबाईंनीसुद्धा नाही. तो साताऱ्याच्या साहेबानं काढला, आणि तोही भोंग्यातून.

चंद्राव्वांनी पदर डोक्यावर नीट घेतला, एवढंच. पडद्यामागं कुणाचं तरी पोर रडायला लागलं, त्याला गप केलं.

साहेबांच्या ध्यानात आलं. केव्हा आलं ते सांगता येणार नाही, पण काठी तशीच पडद्याला लागलेली राहिली आणि दुसऱ्या हातातला माइक आपोआप खाली आला. ते नियाजभाईंकडं बघत राहिले. मग त्यांनी माइक पुढं केला.

नियाजभाईंनी तो लगेच घेतला नाही. आधी तळवा विजारीला पुसला. मग माइक घेऊन ते पडद्यापाशी आले आणि साहेबांची काठी कुठं टेकलीय ते वाकून, डोळे बारीक करून बघितलं. कोऱ्या पडद्यावर काय दिसणार?

"मंडळी, साहेब बोलले ते खरं हाय."

कुणी व्हय म्हटलं नाही.

"पन साहेबांची काठी कुठं टेकलीया बघा. ही चौथ्यावर हाय. चौथा गेला बिचारा. तापानं गेला. आपला सिद्धू तिसरा."

त्यांनी जागा सोडली. क्षणभर ती रिकामीच राहिली. मग नानासो म्हणाले, "व्हय की! चौथ्यावरच हाय," आणि सगळा माळ म्हणाला, "व्हय!" हद्दीपलीकडचे दोघे पाहुणे उशिरानं "हौदु" म्हणाले.

"साहेब?" नियाजभाईंनी विचारलं.

साहेबांनी काठी बघितली, पडदा बघितला. विज्ञानाचा माणूस. नुसत्या पडद्यावर तिसरा कुठला आणि चौथा कुठला, हे सिद्ध करता येत नाही, हेही विज्ञानच. "चौथ्यावरच असेल," ते म्हणाले.

"सिद्धू बरा हाय," नियाजभाई पुढं म्हणाले. "हाताला घट्टे पडल्यात. दगूड आता लय लांब न्हाई ऱ्हायला. पान्याची ददात न्हाई, तुमी बघताच, सांडाय बी मिळतंय."

"जेवतोय का?" चंद्राव्वांनी विचारलं.

"जेवतोय. पन म्हनतो, तितं जुंधळ्याची भाकर न्हाई मिळत. गव्हाचं खावं लागतंय."

"गव्हाचं सोसत न्हाई त्येला," चंद्राव्वा म्हणाल्या आणि पडद्यामागं जाऊन बसल्या. उरलेलं रीळ रिळातल्याच माणसानं पूर्ण केलं. लोकांनी त्याला बोलू दिलं.

निघताना गाडी चालू होईना. आम्ही ढकलायला मागं उभे राहिलो, तेव्हाचं बोलणं कानावर पडलं. साहेब म्हणाले, "माइक उद्या जमा करा. तो निर्णय झालेला आहे." नियाजभाईंनी मान हलवली. साहेब गाडीत बसले, पुन्हा उतरले. "नियाज, प्रोजेक्टरात आवाजासाठी एक वेगळा छोटा दिवा असतो ना? तो विझला तर चित्र चालू राहतं, फक्त आवाज जातो?"

"जातो, साहेब."

"या भागातले रस्ते फार खराब आहेत. हादऱ्यानं तो दिवा सैल होत असेल."

नियाजभाई घरी असल्यासारखे गप्प उभे राहिले.

माइक जमा झाला. साहेबांची पुढं बदली झाली, शिरवळकडं कुठं तरी. मराठी रिळं मात्र कायम झाली, आणि तो दिवा आमच्या तालुक्यात हमखास सैल व्हायला लागला. तोही नेमका भिंतीवरचं चित्र आलं की. मग शुद्ध मराठी मधेच तुटते, चित्र मुकं चालू राहतं आणि कुणी तरी बोलायला लागतंच. माइक नाही, पण कल्हईवाल्याच्या पोराला माइक कशाला? वेशीतल्या आरोळीचा गळा तो.

सिद्धू अजून आलेला नाही. गेल्या खेपेला त्याची खबर झाली, दगड बराच पुढं गेला होता, लोकांनी व्हय म्हटलं. दिवा घट्ट करायला नियाजभाई वळले, तेवढ्यात पडद्यामागून चंद्राव्वांनी विचारलं, "आन त्यो चौथा कुनाचा रं?"

"त्येला कुनी न्हाई, चंद्राव्वा."

"आसं कसं? आई आसंल की त्येला. त्येचंबी सांग."

नियाजभाईंचा हात मशीनवरच राहिला. चौथ्याला त्यांनी स्वतःच सगळ्या गावादेखत तापानं घालवलेलं. गेलेल्याची खबर कशी द्यायची, हे रहिमानचाचांनी शिकवलेलं नव्हतं. थोडा वेळ नुसतं चित्र चाललं. दोर, खांदे, वाळूवरची घागर.

"ताप उतरला म्हनत्यात," नियाजभाई म्हणाले.

"व्हय," लोक म्हणाले.